बैलाचे दात आणि गाडीचा काटा

"भाई, हिचं दात कुठं बघायचं?"

१९८२ सालच्या पौषातली गोष्ट. औंधात यमाईच्या यात्रेची गडबड चालू होती आणि त्या गडबडीतच अब्बांनी साताऱ्याहून एक ॲम्बॅसडर आणून दारात उभी केली. गाडी १९६९ सालची. आमच्या शेजारचे नाना बैलांचे व्यापारी, आमच्याकडच्या भाषेत हेडी. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, खरसुंडीची यात्रा, सगळे बाजार करणारा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी बॉनेटवर थाप मारली आणि वरचा प्रश्न केला.

अब्बा हसले. म्हणाले, "वय तेरा वर्षं, नाना. दिले चोवीस हजार."

"नवी असताना केवढ्याची हुती?"

"पंधरा-सोळा हजारांची असंल."

नाना गप्प झाले. मग म्हणाले, "तेरा वर्षांचा बैल कुणी फुकट दिला तरी मी दावणीला बांधणार न्हाई. आन् ह्यो लोखंडाचा बैल म्हातारा हुईल तसा महाग हुतोय व्हय?"

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. नानांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.; हिशेबाच्या शास्त्राशी माझा फारसा संबंध नाही. पण जुन्या गाडीचा भाव कसा चढतो आणि कसा उतरतो हे समजून घेता घेता आपल्या देशाच्या साठ-सत्तर वर्षांचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. त्याविषयी आज थोडं बोलणार आहे.

बैलाचा भाव समजायला सोपा. आदत खोंड, मग दुसा, मग चौसा, मग जुळलेला. दात येतात तसा बैल कामाचा होतो आणि भावही चढतो. ऐन उमेदीची चार-सहा वर्षं गेली की तो उतरू लागतो. म्हणजे बैलाच्या भावाला आधी चढ आहे, मग उतार. खिल्लार जनावरांसाठी नावाजलेला आटपाडी महाल एके काळी आमच्या औंध संस्थानातच होता, त्यामुळे हे शास्त्र इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. यंत्राला मात्र बाळपण नाही. ते कारखान्यातून बाहेर पडतं तेच ऐन उमेदीत, आणि पहिल्या दिवसापासून झिजू लागतं. मग त्याच्या भावाला नुसता उतारच असायला हवा. आमच्या ॲम्बॅसडरच्या भावाला चढ कुठून आला?

एक उत्तर सरळ आहे. १९६९ आणि १९८२ या तेरा वर्षांत रुपयाच घसरला होता. ज्वारी महागली, सोनं महागलं, गाडीही महागली. पण तेवढ्यानं भागत नाही. कारण त्या काळात मुंबई-पुण्यात, फक्त काही महिने वापरलेली फियाट नव्या फियाटच्या दुकानातल्या किमतीपेक्षा जास्त पैशांना विकली जात असे. तिथं रुपयाच्या घसरणीचा प्रश्नच नव्हता. नव्या करकरीत गाडीपेक्षा वापरलेली महाग, हा उलटा बाजार होता.

तो उलटा कसा झाला ते पाहायला थोडं मागं जावं लागेल.

संस्थानी काळात मोटार ही वाड्याची वस्तू. औंधचं राज्य लहान आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. इकडं औंध, तिकडं आज सांगली जिल्ह्यात असलेलं आटपाडी आणि कुंडल. १९०९ साली गादीवर आलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना करून सत्ता प्रजेच्या हाती दिली, हे आपण जाणताच. प्रजेला सत्ता मिळाली, मोटार मात्र प्रजेच्या कल्पनेतही नव्हती. लोकांचं वाहन बैलगाडी. तेव्हा देशातल्या मोटारी परदेशातून यायच्या, किंवा सुटे भाग आणून इथं जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला असा कारखाना चालवला होता. पैसेवाल्याला नवी गाडी सहज मिळे, म्हणून जुनीला फारसा भाव नसे. घेणारेच मूठभर असले तर बाजार उभा राहणार कसा?

८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, औंधही त्यात आलं. नव्या सरकारनं ठरवलं की गाडी इथंच बनली पाहिजे. धोरण चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ते नसतं तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना तगला असता की नाही, कोण जाणे. १९५३ च्या धोरणानं नुसती जोडणी करणाऱ्यांना दार बंद झालं. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना गुंडाळला. राहिले मोजके तीन. कुर्ल्याची प्रीमियर, कोलकात्याजवळची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. फियाट, ॲम्बॅसडर, हेरल्ड. गाड्या तीनच आणि घेणारे वाढत चाललेले. मग रांग लागली.

रांग आली की नियम येतात. १९५९ साली मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. नाव नोंदवा, अनामत भरा आणि वाट पाहा. फियाटसाठी ही वाट वर्षानुवर्षांची असे. मुलाच्या जन्माला नाव नोंदवलं तर तो शाळेत जायला लागेल तेव्हा गाडी येईल, असा विनोद त्या काळी लोक करत. नवी गाडी मिळाल्यावरही ठराविक काळ ती परवानगीशिवाय विकता येत नसे. एवढ्यावर थांबलं नाही. १९६९ मध्ये सरकारनं नव्या गाडीची किंमतही बांधून दिली. कारखानदार कोर्टात गेले आणि १९७१ साली फियाट, ॲम्बॅसडर, हेरल्ड यांच्या किमतीचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. किंमत १४ ते १६ हजारांच्या घरात. मोटारीचा भाव न्यायमूर्तींनी ठरवावा, असा तो काळ.

आता गंमत पाहा. सरकारनं भाव बांधला तो नव्या गाडीचा. जुन्या गाडीचा भाव मोकळाच होता. ज्या डॉक्टरला, वकिलाला, कंत्राटदाराला गाडी आज हवी आहे, तो सात वर्षं का थांबेल? तो ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याच्याकडे जायचा आणि वरचे पैसे मोजायचा. या वरच्या पैशांना बाजारात 'ऑन' म्हणत. म्हणजे लोक जुन्या गाडीची किंमत देत नव्हते, न थांबण्याची किंमत देत होते. अब्बांच्या चोवीस हजारांत लोखंडाचे किती आणि रांग चुकवल्याचे किती, याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. औंधात भाड्याची गाडी हवी होती. यमाईला येणारे भाविक, भवानी संग्रहालय पाहायला येणारे पाहुणे, रहिमतपूर स्टेशनवर उतरणारी माणसं, लग्नाच्या सुपाऱ्या. अम्मीनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या, त्या गहाण पडल्या, काही कर्ज काढलं आणि गाडी आली. अब्बांना कुणी तरी सांगितलं होतं, "भाई, गाडीत घातलेला पैसा बुडत नाही. दोन वर्षांनी विकलीत तरी जास्तच येतील." तोवरचा सगळा अनुभव तसाच होता.

आणि तिथंच घात झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. सुरुवातीला तिलाही रांग लागली, तिलाही 'ऑन' लागला. पण ही रांग सरकणारी होती. दरवर्षी नव्या गाड्यांचा आकडा वाढत गेला आणि जुन्या ॲम्बॅसडर-फियाटच्या भावाखालची उशी हळूहळू काढून घेतली गेली. १९९१ मध्ये उदारीकरण आलं, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मोकळा झाला. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली तेव्हा स्पर्धेपोटी मारुतीनं ८०० ची किंमत खाली आणली. नवीची किंमत उतरली की देशभर दारादारांत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे भाव त्या रात्री उतरतात. गाड्या तिथंच, तशाच उभ्या असतात. फक्त मालक सकाळी उठतो तो थोडा गरीब होऊन.

त्यानंतरच आपल्याकडे जुन्या गाडीचा भाव जगात इतरत्र उतरतो तसा उतरू लागला. त्याचा एक ठोकळ तक्ता विमा कंपन्यांकडे आहे. गाडी सहा महिन्यांची झाली की ५ टक्के किंमत वजा, वर्षाची होईपर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांत निम्मी. पुढचं दोघांनी बसून ठरवायचं. हा तक्ता गाडी न पाहता केलेला आहे. प्रत्यक्ष बाजारात ज्या गाडीचे सुटे भाग वडूजला मिळतात आणि जिचं काम रहिमतपूरचा मिस्त्री डोळे झाकून करतो, ती कमी उतरते. जिच्या एका भागासाठी पुणं गाठावं लागतं, ती दाणकन उतरते. मारुतीच्या जुन्या गाडीला भाव राहिला त्याचं मोठं कारण गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातात आहे.

पण चार दिवस वापरलेली गाडीसुद्धा एकदम स्वस्त का होते? चार दिवसांत झिजतं काय? या प्रश्नावर अमेरिकेतल्या जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक छोटा लेख लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढं त्याच कामासाठी २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. तिकडं खोटी, दगा देणारी गाडी निघाली की तिला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. अकेरलॉफ म्हणतात, गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीवर थोडा संशय धरतो आणि त्या संशयाचे पैसे कापतो. मग चांगल्या गाडीवाल्याला पुरेसा भाव मिळत नाही, तो बाजारात येतच नाही, आणि बाजारात लिंबंच उरतात. चार दिवसांच्या गाडीचा भाव उतरतो तो "एवढ्यात का विकतोय?" या प्रश्नानं. विशेष म्हणजे याच लेखात त्यांनी हिंदुस्थानातल्या सावकाराचंही उदाहरण दिलं आहे. सावकार ऋणको ओळखीचा असतो म्हणून कर्ज देऊ शकतो. बाहेरचा माणूस ओळख नसताना कर्ज द्यायला गेला तर बुडतो. आमच्या नानांना हे वाचून दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, यात नवीन काय? बैलाला दात आहेत म्हणून बरं. मारका आहे की बसका, ते दात सांगत नाहीत.

आपल्या भागानं हा संशय अलीकडेच पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. गाड्या पाण्यात गेल्या. पूर ओसरल्यावर या भागातली गाडी म्हटली की घेणारा आधी पायाखालची चटई उचलून चिखलाची रेघ शोधू लागला. सीटचा पट्टा पूर्ण ओढून शेवटी डाग आहे का ते पाहू लागला. ज्या गाडीला पुराचा थेंबही लागला नव्हता, तिलाही नंबरप्लेटवरच्या एमएच १० ची किंमत मोजावी लागली. किलोमीटरचा काटा मागं फिरवण्याचा धंदा तर जुनाच. त्या काट्यानं घेणाऱ्याला फसवलंच, पण ज्यांचा काटा खरा होता त्यांनाही खोटं ठरवलं.

जुन्या गाडीच्या भावाला आणखी एक मालक आहे, तो म्हणजे कायदा. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा शर्यतीच्या खोंडांकडे बघायला कुणी तयार नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि त्याच रक्ताच्या खोंडांचे भाव पुन्हा वर गेले. गाडीचं तसंच आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी बंधनातून सुटले, पेट्रोल-डिझेलमधलं अंतर कमी होत गेलं आणि डिझेलच्या जुन्या गाडीचा रुबाब उतरला. पंधरा वर्षांनी पासिंग नव्यानं करावं लागतं. मोटारीसाठी त्याची फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. म्हणून चौदाव्या वर्षी गाडी एकदम कड्यावरून खाली येते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीचं वय वीस वर्षं ठरलेलं. ३० ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून गेली. इंजिन चालू होतं, चालक होता, उतारूही होते. तरी धंद्यासाठी तिची किंमत एका रात्रीत शून्य झाली. उरला फक्त भंगाराचा भाव. जी पद्मिनी भंगारातून वाचली, ती मात्र आता हौशी माणसं शोधत फिरतात. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून नोंदणीची वेगळी मालिकाही आहे. म्हातारपण ओलांडलं की वस्तूचा वारसा होतो.

आणि १९८२ चा उलटा बाजार पुन्हा आलाच नाही, असं समजू नका. करोनानंतर जगभर गाड्यांना लागणाऱ्या चिपांचा तुटवडा पडला. नव्या गाड्यांना रांगा लागल्या. अमेरिकेत, जिथं रांग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तिथं, जून २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव वर्षभरात ४५ टक्क्यांनी चढले होते. आपल्याकडेही जुनीला मागणी वाढली. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्या गाड्या घेऊन बसलेल्या व्यापाऱ्यांचे चेहरे मी पाहिले. ते चेहरे माझ्या ओळखीचे होते. १९८७ साली तसाच चेहरा आमच्या घरात होता.

त्या वर्षी अब्बांनी गाडी विकायला काढली. भाडी कमी झाली होती, वडापच्या जीपगाड्या रस्त्यावर आल्या होत्या. पुसेसावळीकडचा एक तरुण शेतकरी घ्यायला आला. चौदा हजारांवर सौदा ठरला, विसार द्यायला त्यानं खिशात हात घातला. अब्बा म्हणाले, "थांब. खालनं चासीला एकदा वेल्डिंग केलंय. वरनं दिसत नाही. वाकून बघ."

तो वाकला, पाहिलं. मग अवघडून म्हणाला, "भाई, सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"तुला कळलं नसतं," अब्बा म्हणाले, "मला कळत होतं."

गाडी साडेअकरा हजारांना गेली. त्या अडीच हजारांत अम्मीच्या पाटल्या सुटणार होत्या. त्या सुटल्या नाहीत. त्या रात्री अम्मी जेवली नाही आणि अब्बांनीही तिची समजूत काढली नाही. आपल्याकडे १९३० चा माल विक्रीचा कायदा मुळात घेणाऱ्यालाच सावध राहायला सांगतो. अब्बांचा कायदा घरातून आलेला होता: ऐब झाकून विकलेल्या मालाचा पैसा पचत नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर तो राग पुष्कळ वर्षं टिकला.

गेल्या वर्षी मी माझी गाडी विकली. एका कंपनीचा मुलगा हातात टॅब घेऊन दारात आला. बारीक तपासणी केली, रंगाची जाडी मोजली, फोटो काढले. अर्ध्या तासात भाव पडद्यावर आला. मी त्याला म्हणालो, "बाळा, चढाला गरम झाली की ही कधी कधी झटका देते. मिस्त्रीला अजून सापडलेलं नाही."

त्यानं टॅब वर-खाली सरकवला. म्हणाला, "सर, यासाठी इथं रकानाच नाही."

भाव तोच राहिला. माझा एक रुपया कापला गेला नाही. पैसे खात्यावर जमा झाल्याचा आवाज आला तेव्हा मला अब्बांचे अडीच हजार आठवले. त्यांनी ते मोजून सोडले होते. माझं सांगणं त्या मुलानं ऐकलं, पण ते कुठंच लिहिलं गेलं नाही, आणि ती गाडी पुढं ज्या कुणी घेतली असेल त्याच्यापर्यंत ते पोचलं नसणार. एखाद्या चढाला, भरल्या गाडीत, त्याला ते कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)